सगळ्यांचा धाकटा भाऊ

कोलकात्यात गच्चीवर वाळत घातलेलं काहीच आपलं एकट्याचं राहत नाही. डाळीच्या वड्या घातल्या (इथे त्यांना बोरी म्हणतात), तर डाळ कुठली आणि वाटलीत की दळलीत, अशी पलीकडच्या गच्चीवरून चौकशी होते. लोणच्याची बरणी उन्हाला ठेवली, तर तेल कमी पडलंय हे आपल्याआधी शेजारणीला दिसतं. गादीची गोष्ट निराळी. गादी टाकली की कुणी काही विचारत नाही. आजूबाजूच्या गच्च्या क्षणभर गप्प होतात आणि दुपारच्या झोपा झाल्या, की एकेक जण उपाय घेऊन आमचा जिना चढू लागतो.

गादी आमच्या नातवाची. वय वर्षं सहा. मुलगा बदली होऊन इकडे आला, सूनही नोकरी करते, तेव्हा पोराकडे बघायला म्हणून मी साताऱ्याहून आले ती ऐन श्रावणात. हाजरा रोडच्या आतल्या गल्लीत जुनं दुमजली घर, लाल गुळगुळीत जमिनी, हिरव्या खडखडीच्या, म्हणजे झडपांच्या, खिडक्या. खाली घरमालक, वर आम्ही. मालकीणबाईंना सगळी गल्ली माशीमा म्हणते म्हणून मीही म्हणते, आणि त्या मला दिदी म्हणतात. दोघीही सत्तरीच्या आसपास. कोण कुणाची मावशी आणि कोण कुणाची ताई, हा हिशेब आम्ही घातलाच नाही.

श्रावणात या गावात गादी वाळवणं हा पूर्ण वेळेचा उद्योग आहे. ऊन पडलं म्हणून गादी वर न्यावी, चहा टाकावा, तो उकळायच्या आत खालून माशीमांची हाक येते, ‘दिदी, बृष्टी!’ आणि गुडघ्यांची परवानगी न घेताच मी जिन्यात असते. त्या गडबडीत माझ्या लक्षात आलं, की गादी भिजण्याला पोराइतकाच हातभार या घराचा आहे. इथे पलंग जमिनीवर उभा नसतो. प्रत्येक पायाखाली विटा रचून तो उंच केलेला असतो, म्हणजे खाली ट्रंका, तांदळाचा डबा, दुर्गापूजेची भांडी असा अर्धा संसार मावतो. पलंगावर मच्छरदाणी, आणि ती चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलेली. रोनाल्ड रॉसने १८९८ साली पक्ष्यांच्या हिवतापाचा माग काढत डासांवर बोट ठेवलं ते याच शहरात. आजच्या पीजी हॉस्पिटलशी त्याचं स्मारक आहे आणि ते आमच्यापासून फार लांब नाही. बंगाल्यांची मच्छरदाणी त्याच्याही आधीची, पण माशीमा ती खोचतात ती रॉससाहेब रात्री तपासणीला येणार असल्यासारखी.

आता सहा वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता जाग आलीच, तर त्याने काय करायचं? अंधारात मच्छरदाणीची कड शोधायची, ती उपसायची, स्वतःच्या छातीइतक्या उंचीवरून उडी टाकायची, लांबलचक व्हरांडा ओलांडायचा आणि टोकाच्या मोरीचं दार उघडायचं. दारामागे आरशोला, म्हणजे झुरळ, आणि तेही उडणारं. इथलं झुरळ माणसाला पाहून पळत नाही, अंगावर येतं. मी मोठी बाई असून रात्री खाकरून, दार वाजवून आत जाते. पोराने हा सगळा प्रवास डोळ्यांसमोर आणला असेल आणि आहे तिथेच मोकळं व्हायचं ठरवलं असेल, तर मला त्यात शहाणपणाच दिसतो.

गल्लीला मात्र त्यात आजार दिसला. पहिले आले मेशोमशाई, म्हणजे माशीमांचे यजमान. त्यांच्याकडे होमिओपॅथीची लाकडी पेटी आहे. अशी पेटी जुन्या कोलकात्यात घरटी असावी असा मला संशय आहे. इथल्याच मेडिकल कॉलेजात शिकलेले, ॲलोपॅथीत नावाजलेले डॉक्टर महेंद्रलाल सरकार १८६७ साली होमिओपॅथीकडे वळले आणि पुढे १८७६ साली त्यांनी विज्ञान परिषद काढली. रवींद्रनाथही लोकांना होमिओपॅथीच्या गोळ्या देत. हे सगळं मला मेशोमशाईंनी बाटलीचं बूच काढता काढता सांगितलं. नातवाला औषध फार पटलं. दुसऱ्याच दिवशी त्याने भर दुपारी विचारलं, ‘आजोबा, आज भिजवली तर किती गोळ्या?’ तेव्हा उपचार थांबवावा लागला.

मग गणपतीत महाराष्ट्र निवासात गेले. हाजरा रोडवरच ते, त्यामुळे चार मराठी बायकांशी पोटभर बोलता येतं. तिथे विट्याकडच्या एक बाई भेटल्या. तिकडची गलाईवाली मंडळी सोन्याचांदीच्या धंद्यात देशभर विखुरली आहेत, त्यांचे यजमानही त्यातलेच. त्यांनी तीळ, गूळ आणि चिमूटभर ओवा संध्याकाळी द्यायला सांगितलं, आणि वर बजावलं, की पोराला विस्तवाशी खेळू देऊ नका, जाळाशी खेळलं की रात्री गादी भिजते. हे मी माझ्या आजीकडूनही ऐकलं होतं. गंमत म्हणजे जपान-कोरियातही आया मुलांना नेमकी हीच भीती घालतात. कोरियात तर जुन्या काळी गादी भिजवलेल्या पोराच्या डोक्यावर सूप पालथं घालून त्याला शेजाऱ्यांकडे मीठ मागायला पाठवत. आपल्याकडे मीठ-मोहरी निदान पोराची दृष्ट काढायला घेतात, त्याची शोभा करायला नाही. तिळाचा लाडू इथे नाडू म्हणून मिळतो, तो पोराने आवडीने खाल्ला. गादीला त्याचा काही गुण आला नाही, पण लाडू वाईट नव्हता.

या सगळ्या उपायांमध्ये एक गोष्ट सारखी होती. हा कुणाला लागू पडला असं विचारलं, की उत्तर ठरलेलं: धाकट्या भावाला. मेशोमशाईंचा धाकटा भाऊ. विट्याच्या बाईंचा धाकटा दीर. पलीकडच्या गच्चीवरच्या बोउदींचा, म्हणजे वहिनींचा, धाकटा भाऊ, जो आता दिल्लीत मोठा वकील आहे. दारावर मासे घेऊन येणाऱ्याने रोहूचे तुकडे करता करता विळीवरून मान वर न उचलता सांगितलं, त्याच्याही धाकट्या भावाला होतं. एवढे धाकटे भाऊ, आणि त्यांतला एकही कधी समोर हजर नसतो. स्वतःची गादी भिजवलेला माणूस मला अख्ख्या दक्षिण कोलकात्यात सापडला नाही.

होमिओपॅथीत अपयश आल्यावर मेशोमशाईंनी पलंगाखालच्या संसारातून एक घडी काढली. डकबॅकची रबरी चादर. बेंगॉल वॉटरप्रूफ हा कारखाना सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली, स्वदेशीच्या भरात काढला. डकबॅक हे त्याचं नाव घरोघर झालं ते रेनकोट, गरम पाण्याच्या पिशव्या आणि दवाखान्यांतल्या रबरी चादरींमुळे. मेशोमशाईंनी ती उलगडली ती झेंड्याची घडी उलगडावी तशी. मला आपलं बाळंतिणीच्या खोलीतलं मेणकापड आठवलं. गादी वाचली यात शंका नाही, पण भादव्याच्या उकाड्यात रबरावर झोपलेलं पोर पाठीखाली नुसतं निथळायचं. सकाळी चादर ओली दिसली, की ते गंभीर चेहऱ्याने सांगायचं, ‘ही शू नाही. हा घाम आहे.’ आणि वास घेतल्याशिवाय ते खोडून काढता यायचं नाही. शेवटी सुनेने हल्ली मिळते ती कापडी ड्राय शीट आणली. स्वदेशी चादर पुन्हा पलंगाखाली गेली.

मग एकदाचं डॉक्टरांकडे नेलं. मध्यमवयीन, हसतमुख माणूस. त्यांनी आधी नातवाशी बोलायला घेतलं हे मला आवडलं. वयाची पाच वर्षं होईपर्यंत याला आम्ही काही नावच देत नाही, म्हणाले. पाचव्या वर्षी सहा-सात मुलांत एखादं रात्री गादी भिजवतंच, आणि पुढे दरवर्षी अशांतली शंभरात पंधरा तरी काही न करता आपोआप कोरडी व्हायला लागतात. लघवीची पिशवी वयाच्या मानाने मोठी होत जाते. वयात एक मिळवायचा आणि तिसाने गुणायचं, की अंदाज येतो. म्हणजे आमच्या पोराची दोनशे दहा मिलीलिटरची, पेलाभर. रात्री मेंदूकडून मूत्रपिंडांना निरोप जातो, की आता काम आवरतं घ्या. तो निरोप नेणारं संप्रेरक काही मुलांत पुरेसं पाझरायला उशीर लागतो. त्यात झोप इतकी गाढ, की पेला काठोकाठ भरल्याचं कळतच नाही. ‘यात आळस नाही आणि मुद्दामपणा तर नाहीच,’ डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी माझ्या मुलाकडे पाहिलं; तो रोज सकाळी ‘इतका मोठा झालास’ असं पुटपुटत असे, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

पोट साफ होतं का, असंही विचारलं. आतडी तटली की लघवीच्या पिशवीवर दाब येतो. घरी येऊन हे सांगितल्यावर मेशोमशाईंचा चेहरा उजळला, कारण पोट साफ होणं हा बंगालचा जिव्हाळ्याचा विषय आहे आणि त्यावर ते जेवणाच्या पानावरही बोलतात. बरेच महिने कोरडं राहिलेलं मूल पुन्हा भिजवू लागलं, फार तहान लागते, वजन उतरतंय, लघवीला जळजळतं, ताप येतो, असं काही असेल तर वाट न बघता या, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. आमच्याकडे त्यातलं काही नव्हतं.

मग त्यांनी सहज विचारलं, ‘घरात कुणाला होतं?’

‘छे! आमच्याकडे कुणालाच नाही,’ माझा मुलगा ताडकन म्हणाला.

सून खाली मान घालून पर्सची चेन उघडझाप करू लागली, कारण आता उरलं तिचंच माहेर. मी भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचायला घेतला. डॉक्टर आपल्याच नादात सांगत होते, आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला असण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या वर, दोघांनाही असेल तर सत्तरच्या वर. तक्त्यावर गोवराची लस कितव्या महिन्यात ते मी तीनदा वाचलं. मुलांच्या काही गोष्टी आईने पोटात ठेवायच्या असतात, आणि ही माझ्या पोटात तीसेक वर्षं होती. अशा गोष्टी बायकोच्या आणि परक्या डॉक्टरच्या देखत काढायच्या नसतात. पण सुनेची ती चेन काही माझ्या कानांतून जाईना.

अलार्मचाही विषय निघाला. चड्डीला किंवा चादरीला बसवतात, ओल लागली की वाजतो. याची जन्मकथा मला फार आवडली. १९०४ साली फाउंडलर नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी दवाखान्यातल्या मुलांच्या गाद्यांना घंटा जोडली, ती परिचारिकांना चादर बदलायची सूचना मिळावी म्हणून. पण महिनाभरात मुलंच कोरडी राहू लागली. पुढे १९३८ साली अमेरिकेत मॉरर नावाच्या नवरा-बायकोने त्याची रीतसर उपचारपद्धत बांधली. ती अजून चालते, दोन-तीन महिने नेट लावून केली तर. अडचण एवढीच, की सुरुवातीला त्या आवाजाने मूल सोडून सगळे उठतात. आमच्या घराचे पोकळ जिने आणि माशीमांची सावध झोप लक्षात घेता गल्लीच उठली असती. ‘सात वर्षांचा होऊ द्या, मग बघू,’ डॉक्टर म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. पाणी तोडायचं नाही, उलट सकाळी आणि शाळेत भरपूर द्यायचं, झोपायच्या आधीचा तास-दोन तास हात आखडता घ्यायचा. तेव्हा कळलं, की आमचं पोर रोज संध्याकाळी मेशोमशाईंबरोबर कोपऱ्यावर जाऊन अख्खं शहाळं पिऊन येत होतं. प्रकृतीला चांगलं म्हणून. त्या शहाळ्याची वेळ शाळेतून आल्या आल्याची केली. निजायच्या आधी एकदा मोरीत जायचं, गोष्ट ऐकायची आणि दिवा मालवण्यापूर्वी परत एकदा जायचं. बक्षीस द्यायचं ते मोरीत जाऊन आल्याबद्दल, कोरड्या गादीबद्दल नाही, कारण झोपेत जे होतं त्यावर त्याचा काय ताबा? साताऱ्याहून आणलेल्या कालनिर्णयावर तो स्वतः लाल पेन्सिलीने खुणा करू लागला. एकादशीच्या चौकटीत त्याने हत्ती काढला, ते का ते माहीत नाही.

आणि घराचीही थोडी मोडतोड केली. पलंगाखालच्या विटा काढल्या. तांदळाचा डबा बेघर झाला म्हणून माशीमा दोन दिवस हळहळल्या. मच्छरदाणीची एक बाजू खोचायची नाही, नुसती गादीखाली सरकवायची आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा, म्हणजे अंधारातही हाताला लागतो. व्हरांड्यात छोटा दिवा. मोरीत आरशोलांसाठी फवारा. आणि पहिले काही दिवस मी झोपायच्या आधी, अकराच्या सुमारास, त्याला उठवून नेऊ लागले. असं अर्धवट झोपेत नेऊन मूल काही शिकत नाही, गादी तेवढी वाचते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण पावसाळ्यात गादी वाचणं हेही काही कमी नव्हे.

तर मी हाक मारली, पोर ढिम्म. पुन्हा हाक मारली. तेवढ्यात खालच्या खडखडीतून माशीमांचा आवाज आला, ‘दिदी, तीनदा! तीनदा डाको!’ बंगालमध्ये रात्री निशी नावाची भुताटकी ओळखीच्या आवाजात माणसाला नावाने बोलावते आणि ओ देणाऱ्याला घेऊन जाते. पण तिला दोनदाच हाक मारता येते. तेव्हा शहाण्या माणसाने तिसऱ्या हाकेशिवाय उठायचं नाही. नातवाला हे माशीमांनीच शिकवलं होतं, आणि पोराने ते झोपेतही पाळलं होतं. तेव्हापासून मी घड्याळ लावल्यासारख्या तीन हाका मारायची. चौथीला कधी कधी खालून मेशोमशाईच ओ द्यायचे.

थंडीच्या तोंडाशी गल्लीत धुनुरी आला. आपला पिंजारी, पण इकडे तो पुष्कळदा बिहारहून येतो आणि हिवाळा संपला की जातो. खांद्यावर ते लांब धनुष्य, हातात लाकडी मुगदर, आणि तात वाजवायला लागला की धुन्‌ धुन्‌ असा एकच सूर सबंध गल्लीभर. रजई आणि गादी पिंजून घ्यायची म्हणून त्याला गच्चीवर बोलावलं. माशीमा खुर्ची घेऊन देखरेखीला बसल्या, मी त्यांच्याशेजारी. त्याने गादीची शिवण उसवली, खोळ उलटी केली आणि मधला कापूस हाताने चाचपला. तिथे तो घट्ट, पिवळट, गोळागोळा झाला होता. धुनुरीने एक गोळा फोडला, आतला बघितला, आणि जाणत्या माणसासारखी मान हलवली. ‘ऊपर का नया है,’ तो म्हणाला, ‘नीचे का बहुत पुराना.’

पलंग, गादी, सगळं आम्हाला घराबरोबर भाड्याने मिळालेलं. मी माशीमांकडे पाहिलं. माशीमा पलीकडच्या गच्चीवरची साडी बघत होत्या.

‘धाकटा भाऊ?’ मी विचारलं.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘बोडो छेले.’ थोरला मुलगा. अमेरिकेत असतो, इंजिनियर आहे, ज्याचा पदवीदानाच्या टोपी-झग्यातला फोटो त्यांच्या दिवाणखान्यात रवींद्रनाथांच्या शेजारी लावला आहे तो. आठ वर्षांचा होईपर्यंत. त्यांच्या सासूबाई सकाळी उठून ओली चादर आल्यागेल्याला दाखवायच्या, म्हणून माशीमा पहाटे चारला उठून, कुणी जागं व्हायच्या आत ती धुऊन टाकायच्या. डिसेंबरात, गार पाण्याने. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं; मेशोमशाईंना तर नाहीच, त्यांनी लगेच पेटी उघडली असती.

‘माझाही,’ मी म्हणाले. ‘एकुलता एक. नऊ वर्षांपर्यंत.’

कापूस उडत होता, दोघींच्या केसांत बसत होता. पुढचा तास आम्ही दोघींनी ज्या गोष्टी केल्या त्या मी इथे लिहिणार नाही. दोन चांगल्या पगाराच्या माणसांच्या अब्रूचा प्रश्न आहे.

त्याच रात्री मी नातवाला सांगितलं. सुनेला आधी स्वयंपाकघरात सांगून ठेवलं होतं; तिने हातातली पळी खाली ठेवली आणि इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. नातवाला मात्र पटेना. ‘बाबा?’ तो म्हणाला. ‘पण तो तर ऑफिसला जातो.’ मग त्याने नीट विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना, वरण-भातावर तूप पडत असताना विचारलं, ‘बाबा, तुझी गादी कोण वाळत घालायचं?’

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी लोणचं वाढायला घेतलं.

‘आजी,’ तो म्हणाला.

‘आणि माझी?’

‘आजीच,’ तो पुन्हा म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशीपासून गादी तो वर नेऊ लागला. ‘इतका मोठा झालास’ हेही बंद झालं. नातू चादर आपली आपण काढून बादलीत टाकतो, शिक्षा म्हणून नाही, त्यालाच ते स्वतःहून करायला आवडतं. भिजलेल्या सकाळी आता पूर्वीच्या मानाने कमी असतात, हिवाळा असूनही. विटा काढल्यामुळे की शहाळ्याची वेळ बदलल्यामुळे, की त्या पेल्याचं आपलं आपण वाढत जाणं, ते ज्याचं त्याने ठरवावं. मेशोमशाई श्रेय पहिल्या गोळ्यांना देतात.

डिसेंबरात माशीमांचा थोरला आला. पन्नाशीचा, भारदस्त, विमानातून उतरल्याउतरल्या आईने कानटोपी घातलेला. कोलकात्यात वीस अंशांना घालतात ती, फक्त नाक-डोळे दिसणारी. त्याच्या मानाचं जेवण होतं, आम्हालाही बोलावणं. पायेश, म्हणजे तांदळाची खीर, वाढायची वेळ झाली, माझा मुलगा हात धुवायला बाहेर गेला होता, आणि नातवाने पानावरूनच, अगदी अदबीने विचारलं, ‘जेठू, तुमि कॉटा बोछोर पोरजोन्तो?’ थोरले काका, तुम्ही किती वर्षांपर्यंत?

जेठूने आईकडे पाहिलं. माशीमा एकदम वाटी शोधायला लागल्या. मेशोमशाईंना काहीच कळलं नाही. तो मोठा माणूस क्षणभर थांबला, कानटोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, ‘आठ.’

‘आमच्या बाबाचे नऊ!’ नातू ओरडला.

माझा मुलगा दारात उभा होता, ओल्या हातांनी. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या इंजिनियरकडे.

‘साडेआठ,’ तो म्हणाला. ‘आई, उगाच वाढवून सांगू नकोस.’